मूल झाले तरी दुखणे राहिले : बाळंतपणानंतरचा एंडोमेट्रिओसिस कसा हाताळावा

एंडोमेट्रिओसिस असलेल्या मुलीला आपल्याकडे एकच आश्वासन तीन वेळा मिळते. पाळी सुरू झाल्यावर तिला सांगितले जाते की सगळ्यांनाच दुखते, सवय होईल. लग्न ठरताना सांगितले जाते की लग्नानंतर कमी होईल, आणि लग्नानंतर सांगितले जाते की एक मूल झाले की सगळे मोकळे होईल. या तिसऱ्या आश्वासनाची मुदत बाळंतपणाबरोबर संपते. त्यानंतर काही महिन्यांनी पाळी परत येते, तिच्याबरोबर जुनी कळही परत येते, आणि त्या वेळी हातात तान्हे मूल असल्यामुळे तक्रार कुणापुढे मांडावी हेच तिला उमगत नाही. या लेखाचा रोख तेवढ्यावरच आहे : बाळंतपण हा या आजारावरचा उपचार नव्हे, मात्र बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने उपचार ठरवण्यासाठी मिळालेली चांगली सवड असते, आणि पाळी परतण्याची वाट न पाहता ती वापरावी. युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञान संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट म्हटले आहे की केवळ एंडोमेट्रिओसिस बरा व्हावा म्हणून कोणत्याही स्त्रीला गर्भधारणेचा सल्ला देऊ नये.

शरीरात नेमके काय घडते

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. त्या ओटीपोटातल्या आवरणावर, बीजांडकोशात, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खळग्यात, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर आढळतात. त्यांच्यामुळे आजूबाजूला दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात, आणि बीजांडकोशात जुने रक्त साचले तर जिला सगळे डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात ती गाठ तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना, हा आजार आहे.

गरोदरपणात पाळी थांबते आणि प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण खूप वाढते, त्यामुळे अनेकींना नऊ महिने खरोखरच आराम पडतो आणि घरच्यांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते. बाळंतपणानंतर जी आई बाळाला पूर्णपणे अंगावर पाजते तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक चढे राहते, बीजांड बाहेर पडण्याची क्रिया दबलेली राहते आणि इस्ट्रोजेन कमी असते, म्हणून आराम आणखी काही महिने टिकू शकतो. ज्या बाळाला पहिल्यापासून वरचे दूध द्यावे लागते त्याच्या आईची पाळी मात्र सहा ते आठ आठवड्यांतच परत येऊ शकते. म्हणजे एकाच आजाराच्या दोन मैत्रिणींना वेगवेगळा अनुभव येणे स्वाभाविक आहे, आणि शेजारणीला वर्षभर दुखले नाही म्हणून आपले दुखणे खोटे ठरत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०१७ मध्ये असे दिसले की जास्त काळ स्तनपान देणाऱ्यांमध्ये पुढे या आजाराचे निदान होण्याचे प्रमाण कमी होते. ही माहिती दिलासा देणारी आहे. तथापि जिला दूध पुरत नाही तिच्यावर दडपण आणण्यासाठी ती कुणी वापरू नये.

आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण घराबाहेर पडते, आणि रुग्णालयातली सहा आठवड्यांची तपासणीही साधारण त्याच सुमारास येते. या तपासणीत टाके, रक्तदाब आणि बाळाचे वजन पाहून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. एंडोमेट्रिओसिसचा विषय तेथे आपणच काढावा लागतो, तोही ‘आता दुखत नाही ना’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून उठण्यापूर्वी.

कोणते दुखणे वेगळे आहे

बाळंतपणानंतरची प्रत्येक कळ एंडोमेट्रिओसिसची नसते. बाळाने स्तनाग्र तोंडात घेतले की पहिले काही दिवस ओटीपोटात कळा येतात, कारण ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या अधिक जाणवतात आणि साधारण आठवड्याभरात ओसरतात. त्यांचा जुन्या आजाराशी संबंध नाही.

काही लक्षणांना मात्र ‘माझा जुनाच त्रास आहे’ म्हणून घरी थांबणे धोक्याचे असते. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गुठळ्या पडत राहणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव, टाक्यांतून पू येणे, एका पोटरीला सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. बीजांडकोशात गाठ असल्याचे आधीपासून माहीत असेल आणि एका बाजूला अचानक, उलटीसह, सरळ उभे राहता येऊ नये इतके दुखू लागले, तर गाठ फुटली आहे किंवा बीजांडकोशाला पीळ बसला आहे का, हे तातडीने पाहावे लागते.

वही ठेवा, पण थोडक्यात

दुखण्याची नोंद ठेवा असे सगळेच सांगतात. ज्या बाईला दोन तास सलग झोप मिळत नाही तिने पानभर लिहावे अशी अपेक्षा कुणीच करू नये. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एक छोटी वही ठेवावी आणि ज्या दिवशी दुखले त्याच दिवशी तीन-चार ओळी लिहाव्यात. उपयोगी पडणारी नोंद साधारण अशी असते : ‘तारीख १४, पाळीचा पहिला दिवस. पहाटे ४ वाजता पाजताना उजवीकडे खोल कळ, १० पैकी ७. सहा वाजता पोहे खाऊन गोळी घेतली, आठ वाजता ४ वर आले. शौचाला बसताना कापल्यासारखे झाले. पॅड ५. बाळाला उचलता आले नाही, आईंनी आंघोळ घातली.’

या नोंदीतला शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘खूप दुखते’ या शब्दांनी डॉक्टरांना काहीच कळत नाही, तर ‘महिन्यातून तीन दिवस मी बाळाला उचलू शकत नाही’ या वाक्याने उपचाराची निकड लगेच कळते. शौचाच्या वेळी, लघवीच्या वेळी आणि शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, हे आवर्जून लिहावे. तपासणीच्या टेबलावर सांगायला संकोच वाटतो, वही पुढे करणे त्यापेक्षा सोपे जाते. पाळी अजून आलेली नसतानाही ओटीपोट, कंबर किंवा मांडी दुखत असेल तर तेही लिहावे, कारण दीर्घकाळच्या दुखण्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात आणि त्यांचे दुखणे पाळीची वाट पाहत नाही.

सोनोग्राफीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट आणि खोलवरचा आजार अनुभवी हाताला बहुधा दिसतो, गरज पडल्यास एमआरआय करता येतो, पण वरवर पसरलेले लहान ठिपके दोन्हींतून निसटू शकतात. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. सीए-१२५ नावाची रक्तचाचणी निदानासाठी करून घेण्यात अर्थ नाही. निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असाही आग्रह आता धरला जात नाही, लक्षणांवरून औषध सुरू करता येते.

सिझेरियनच्या टाक्यातली गाठ

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण तो अनेकदा ओळखलाच जात नाही. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या काही पेशी पोटाच्या भिंतीत रुजू शकतात आणि तेथे गाठ धरते. ज्यांना पूर्वी एंडोमेट्रिओसिस अजिबात नव्हता अशांनाही हे होऊ शकते. सिझेरियन झालेल्या शंभर जणींत एकीपेक्षाही कमी जणींना हे होत असले, तरी सिझेरियनची एकूण संख्या पाहता अशा बायका आपल्या आसपास आहेत. टाके पडल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, व्रणाच्या बहुधा एका टोकाला हरभऱ्याएवढी किंवा सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागते. परकराची नाडी किंवा सलवारीचा पट्टा नेमका त्याच जागी बसतो, त्यामुळे ‘नाडी काचते’ अशी पहिली तक्रार असते. पुढे लक्षात येते की नाडी रोजच तेथे असते आणि काचते मात्र महिन्यातून चार दिवसच, पाळीच्या आगेमागे. त्या दिवसांत गाठ थोडी फुगते, वरची कातडी कधी निळसर दिसते. सगळ्या जणींत दुखणे पाळीच्या तारखेला इतके काटेकोर जुळत नाही, म्हणून जुळत नसले तरी गाठ दाखवावीच.

अशा गाठीला टाक्याची गाठ, हर्निया किंवा चरबीची गाठ समजून मलम आणि प्रतिजैविके देण्याचा प्रकार सर्रास घडतो. डॉक्टरांना थेट विचारावे, ‘हा व्रणातला एंडोमेट्रिओसिस असू शकतो का?’ सोनोग्राफीही शक्य असल्यास दुखण्याच्या दिवसांत करावी. संप्रेरकांच्या गोळ्यांनी या गाठीचे दुखणे कमी होऊ शकते, तरी गाठ जात नाही. तिच्यावरचा खरा उपाय म्हणजे भोवतालच्या साधारण एक सेंटिमीटर निरोगी भागासह ती पूर्ण काढून टाकणे. स्नायूंवरील आवरणाचा मोठा भाग काढावा लागला तर जाळी बसवावी लागते, म्हणून अशी शस्त्रक्रिया आधी केलेल्या शल्यविशारदाकडे जावे. नैसर्गिक प्रसूतीच्या वेळी घातलेल्या खालच्या टाक्यांतही अशीच गाठ, क्वचित का होईना, होते.

अंगावर पाजत असताना वेदनाशामके

स्तनपान देणाऱ्या आईने गोळी घेतली तर बाळाला बाधते या भीतीने अनेकजणी दात-ओठ खाऊन दिवस काढतात. वस्तुतः पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या दोन्ही गोळ्या दुधात फारच थोड्या उतरतात आणि स्तनपानाच्या काळात सुरक्षित मानल्या जातात. आयबुप्रोफेन पाळीच्या दुखण्यावर अधिक काम करते, कारण दुखणे निर्माण करणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच ते रोखते. यातूनच ते घेण्याची पद्धत ठरते : कळ टोकाला पोचल्यावर गोळी शोधू नये, पाळीची चाहूल लागताच किंवा पहिला डाग दिसताच, काहीतरी खाऊन, ती सुरू करावी आणि पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या अंतराने घ्यावी. साधारण ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, म्हणजे दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत, ही नेहमीची मर्यादा आहे. ज्यांना अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

औषधाच्या दुकानात ‘पोटदुखीची गोळी द्या’ म्हटले की आपल्याकडे बहुतेक वेळा मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमीन यांची जोडगोळी पुढे येते. लग्नाआधी वर्षानुवर्षे तीच घेतलेली असल्यामुळे बाळंतपणानंतरही सहज घेतली जाते. यातले डायसायक्लोमीन स्तनपान देणाऱ्या आईने घेऊ नये असे औषधाच्या माहितीपत्रकातच म्हटलेले असते, कारण सहा महिन्यांखालच्या बाळांना त्यापासून श्वासाचा त्रास होऊ शकतो. मेफेनॅमिक ॲसिडबाबतही भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस एक इशारा दिला होता, की क्वचित त्यामुळे ताप, अंगभर पुरळ आणि अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर ॲलर्जी उद्भवते. म्हणून घरातली जुनी पट्टी वापरण्यापूर्वी तिच्या मागचे बारीक अक्षर वाचावे. कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्याही स्तनपानाच्या काळात टाळाव्यात, त्यांनी बाळ सुस्त होऊ शकते.

शेकाचा उपयोग खरा आहे. बाळंतिणीच्या शेक-शेगडीची आपली परंपरा या बाबतीत रुग्णाच्या बाजूची आहे, फक्त सिझेरियनचा व्रण पूर्ण भरेपर्यंत आणि त्याभोवतीची कातडी बधिर असेपर्यंत गरम पाण्याची पिशवी थेट व्रणावर ठेवू नये, कारण भाजलेले कळत नाही. कंबरेवर ठेवल्याने बराच आराम पडतो. पोट घट्ट बांधल्याने किंवा जोरकस मालिशीने ‘आतली गाठ विरघळते’ हे खरे नाही, आणि मालिश करणाऱ्या मावशींना ओटीपोटावर दाब देऊ नका असे सांगण्यात अनादर नाही. त्यापेक्षा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा जाणे फायद्याचे ठरते. तेथे एक सावधगिरी घ्यावी : बाळंतपणानंतर सरसकट आवळण्याचे व्यायाम शिकवले जातात, आणि ज्यांचे स्नायू आधीच आखडलेले आहेत त्यांना प्रथम सैल सोडायला शिकावे लागते.

खाण्याबद्दल थोडेच लिहितो. दूध, गहू, गूळ बंद करून आजार आटोक्यात येतो याला भक्कम आधार नाही, आणि स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल खावी. अरिष्ट व आसव या वर्गातल्या काढ्यांमध्ये आंबवण्यातून तयार झालेले मद्यार्क असते, ते मात्र विचारूनच घ्यावे.

संप्रेरकांची औषधे : आधी तीन प्रश्न

गोळी कोणती, हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे नवरा-बायकोने मिळून ठरवावीत. बाळ अंगावर पीत आहे का आणि किती काळ पिणार आहे? पुढचे मूल हवे आहे का, असल्यास साधारण केव्हा? आणि सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे, पाळीतल्या कळांचा, अतिरक्तस्रावाचा, की सतत दुखण्याचा? संप्रेरकांची सगळी औषधे बीजांड बाहेर पडणे थांबवून किंवा अस्तर पातळ करून काम करतात, म्हणून ती चालू असताना गर्भधारणेचा प्रयत्न करता येत नाही, आणि ती घेतल्याने पुढे गर्भधारणा सोपी होते असेही नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी केवळ प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध, असलेले पर्याय पहिल्यांदा विचारात घेतले जातात. डेसोजेस्ट्रेलची रोजची गोळी दुधावर परिणाम करत नाही. लिव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयातले साधन बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा मग चार आठवड्यांनंतर बसवता येते. प्रसूतीनंतर लगेच बसवले तर ते निसटून पडण्याची शक्यता अधिक असते, आणि स्तनपानाच्या काळात बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा लहानसा धोका थोडा वाढतो, म्हणून सराव असलेल्या हाताकडूनच ते बसवून घ्यावे. पाळीतला रक्तस्राव आणि कळा यांवर ते उत्तम काम करते, आणि गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरण्याचा ॲडिनोमायोसिस हा जोडआजार असेल तर माझ्या मते पहिला विचार याचाच व्हावा. सरकारी आरोग्य केंद्रांत ‘अंतरा’ या नावाने दर तीन महिन्यांनी मोफत मिळणारे इंजेक्शनही याच वर्गातले आहे. ते स्तनपान देणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. ते बंद केल्यावर बीजांडनिर्मिती पूर्ववत व्हायला बरेच महिने लागू शकतात, त्यामुळे लवकरच दुसरे मूल हवे असणाऱ्यांनी ते टाळावे.

डिएनोजेस्ट २ मिलिग्रॅम ही गोळी एंडोमेट्रिओसिससाठी आपल्याकडे आता सर्वाधिक लिहून दिली जाते आणि ती गुणकारीही आहे. तथापि स्तनपानाच्या काळात ती घेऊ नये असे तिच्या माहितीपत्रकात म्हटलेले असते. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असताना ‘बाळ अंगावर पिते’ हे आपण स्वतःहून सांगावे. ती एकटीच गर्भनिरोधक म्हणून धरू नये, निरोध वापरावा. तिच्यामुळे काहींचे मन खिन्न होते. बाळंतपणानंतरचे नैराश्य आधी झाले असेल तर ही गोष्ट लपवू नये, आणि मन फारच खचले तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गोळ्या, म्हणजे नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे स्तनपान देणाऱ्या आईने अजिबात घेऊ नयेत, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळाव्यात. या काळात पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो. ज्यांना डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी होते त्यांनी त्या कधीच घेऊ नयेत. पुढे जेव्हा त्या घेता येतील तेव्हा मधला खंड न ठेवता सलग घेतल्यास पाळीच येत नाही आणि दुखण्याचे कारणच टळते. पाळी आली नाही तर ‘घाण आत साठते’ हा समज निराधार आहे : अस्तर वाढतच नसल्यामुळे बाहेर टाकण्याजोगे काही तयारच होत नाही. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने तात्पुरती रजोनिवृत्ती आणतात, हाडे ठिसूळ करतात आणि स्तनपानात चालत नाहीत, त्यामुळे ती पुढच्या पायरीवर ठेवावीत.

प्रोजेस्टोजेनचे कोणतेही औषध सुरू केल्यावर पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडत राहतात. बहुतेक जणी नेमक्या याच टप्प्यावर औषध सोडतात आणि ‘मला चालले नाही’ असे पुढच्या डॉक्टरांना सांगतात. असह्य काही होत नसेल तर तीन महिने द्यावेत.

तांबीबद्दल स्वतंत्र सूचना देतो. अनेक रुग्णालयांत वार पडल्यावर लगेच तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवण्याची सोय असते आणि ती सोय चांगलीच आहे. मात्र तांबीने पाळीतला रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात. म्हणून ज्यांना हा आजार आहे त्यांनी गरोदरपणातल्या तपासणीतच आपले म्हणणे फाइलवर लिहून घ्यावे, कळा सुरू झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. तसेच नसबंदीने मूल होणे थांबते, एंडोमेट्रिओसिस थांबत नाही. पाळी नसली तरी गर्भधारणा राहू शकते हेही ध्यानात असावे. बाळ सहा महिन्यांखालचे, केवळ अंगावरच पिणारे आणि पाळी अजून न आलेली, या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तेव्हाच स्तनपानावर विसंबता येते.

शस्त्रक्रिया, आणि पिशवी काढण्याचा सल्ला

औषधांनी भागत नसेल, औषधे घ्यायची नसतील, मूत्रवाहिनी किंवा आतडे दाबले जात असेल, तर दुर्बिणीतून आजार काढण्याचा विचार करावा. बीजांडकोशातली गाठ काढताना तिला चिकटलेली निरोगी बीजांडेही जातात, म्हणून दुसरे मूल हवे असणारीने शस्त्रक्रियेपूर्वी एएमएच ही बीजांडांचा उरलेला साठा दाखवणारी रक्तचाचणी करून घ्यावी आणि आकड्याचा अर्थ समजावून घ्यावा. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा एकदा शस्त्रक्रिया झालेली असेल तर पुन्हा हात लावण्याआधी वंध्यत्वतज्ज्ञांचे मत घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर आजार परतू शकतो. लगेच मूल नको असल्यास त्यानंतर किमान १८ ते २४ महिने संप्रेरकांचे साधन किंवा गोळी चालू ठेवल्यास पाळीचे दुखणे परतण्याचे प्रमाण कमी होते. व्यवहाराची बाजूही पाहावी : शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बाळाला उचलायचे नसते, तेव्हा आई, सासूबाई किंवा नवऱ्याची रजा यांची जुळणी झाल्याशिवाय तारीख घेऊ नये.

‘दोन मुले झाली ना, मग पिशवी काढून टाका’ हा सल्ला महाराष्ट्रात फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भाशयांची कहाणी २०१९ मध्ये सर्व देशाने वाचली, आणि अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२३ मध्ये सांगावे लागले. गर्भाशय काढल्याने पाळी जाते आणि ॲडिनोमायोसिसचे दुखणे जाते, परंतु एंडोमेट्रिओसिसचे ठिपके गर्भाशयाबाहेर असल्यामुळे ते तसेच ठेवून फक्त पिशवी काढली तर दुखणे राहू शकते. बीजांडकोशही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, आणि हाडे व हृदय या दोहोंवर तिचा परिणाम पुढची कित्येक वर्षे होतो. इतर सर्व उपाय करून झाले आहेत, पुढे मूल नको हे निश्चित आहे आणि दुखण्याने जगणे अवघड केले आहे, अशा स्त्रीसाठी ही शस्त्रक्रिया योग्य असू शकते. मात्र त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : पोटातला बाकीचा आजार त्याच वेळी काढणार का, बीजांडकोश ठेवणार का, आणि काढणार असाल तर त्यानंतर कोणते संप्रेरक देणार.

शरीरसंबंधाच्या वेळचे दुखणे बाळंतपणानंतर दोन कारणांनी होऊ शकते, आणि उपाय वेगळे असल्यामुळे ती वेगळी ओळखावीत. तोंडाशीच जळजळ व कोरडेपणा असेल तर ते बहुधा स्तनपानामुळे कमी झालेल्या इस्ट्रोजेनचे असते आणि साध्या वंगणाने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने भागते. खोल आत, विशिष्ट स्थितीतच, आणि नंतर तासन्‌तास टिकणारे दुखणे असेल तर ते जुन्या आजाराचे असण्याची शक्यता अधिक. नवऱ्याला हा फरक शब्दांत सांगावा, नाहीतर तो नकाराचा अर्थ भलताच लावतो.

डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर जुने सर्व कागद न्यावेत. डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘सिझेरियन, मुलगी, २.८ किलो’ एवढेच असते, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी आत काय दिसले याची स्वतंत्र नोंद मिळते ती रुग्णालयाकडून मागून घ्यावी. आतडे चिकटलेले होते, बीजांडकोशावर गाठ होती, असे काही सिझेरियनच्या वेळीच दिसलेले असते आणि आनंदाच्या गडबडीत आईला सांगायचे राहून गेलेले असते. रुग्णालयाकडे लेखी अर्ज दिल्यास ७२ तासांच्या आत हे कागद मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवावी.